आवणीतली पाळी

शहाऐंशी साली खालापुराकडच्या आमच्या कागदाच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला आणि माझं टाळकंच फिरलं. मी बुधाजी, पाळ्या लावणारा मुकादम. कोणी सकाळी यायचं, कोणी दुपारी, हे सत्तावीस वर्षं मी ठरवत आलो, आणि आता म्हणे यंत्र ठरवणार! त्याचा प्रोग्रॅम लिहायला कर्जतची उमा आली. एवढीशी पोर. नोकरी सहा महिन्यांच्या बोलीवर, जमलं तर कायम, नायतर घरी.

पोर गुणाची हाय हे मला पहिल्याच दिवशी कळलं. म्हणून तर जास्त राग आला. रोज वही घेऊन यायची.

"बुधाजीकाका, पाळ्या कशा लावता?"

"भरतीच्या नंबरानं," मी म्हणायचो. "त्यात काय हाय एवढं?"

थाप होती ती. आवणीत, म्हणजे भात लावायच्या दिवसांत, अख्खं पळसदरी गाव सकाळी एकमेकांच्या शेतात उतरतं. त्या आठवड्यात मी पळसदरीवाल्यांना दुपारची पाळी द्यायचो, पुढच्या आठवड्यात कळंबवाल्यांना. हे कुठं लिहिलेलं नाय. जुलैत उमाच्या प्रोग्रॅमनं लावलेल्या पाळ्यांचा कागद भिंतीवर लागला. पळसदरीचे सगळे एकदमच भरती झालेले, नंबर लागोपाठचे, त्यामुळं ऐन आवणीत सगळेच सोमवारी सकाळच्या पाळीत. मी बघितलं आणि गप्प बसलो.

सोमवारी तिसांतले अकरा आले. मशीन बंद. साहेबांनी आमाला दोघांना केबिनीत बोलावलं.

"चूक कोणाची?"

मला वाटलं, पोर आता माझं नाव घेणार.

"माझी," उमा म्हणाली. "मी काकांना नुसतं विचारत बसले. चार दिवस त्यांच्याबरोबर हिंडले असते तर कळलं असतं."

जळलं माझं तोंड! मला राहवेना.

"नाय साहेब. मला ठाऊक होतं, मुद्दाम सांगितलं नाय. माझं काम जाईल म्हणून भ्यालो. घरी पाठवायचं तर मला पाठवा."

साहेबांच्या आधी उमाच भडकली.

"यांना घरी पाठवलंत तर मला शिकवणार कोण? कोणाची शेती कुठं, गणपतीत कोण येत नाही, हे कुठल्या वहीत आहे? काका शेजारी बसणार असतील तरच मी हे काम करीन."

नोकरी तिची टांगणीला, आणि भांडतेय माझ्यासाठी! त्या केबिनीत माझ्या बाजूनं आजवर कोणी तोंड उघडलं नव्हतं. मला रडूच फुटलं, साहेबांसमोर.

"रडून झालं असेल तर जा दोघं," साहेब म्हणाले. "उद्याच्या पाळ्या लावा."