खुराड्यातले उंदीर

सोनीच्या कोंबड्यांचा रुबाब मोठा होता. त्या राहायच्या मुळशीच्या डोंगरातल्या वाडीवर, पण त्यांची अंडी हिंजवडीच्या टॉवरांत लिफ्टने वर जायची. तिथली स्वरदा एकदा गाडी काढून वाडीवर आली, सारवलेलं अंगण आणि झाडलेलं खुराडं बघून हरखली आणि फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकून मोकळी झाली. तेव्हापासून सोनीला तीस घरं मिळाली. "किती स्वच्छ ठेवता हो सोनीताई," हे स्वरदाचं वाक्य सोनीने वाडीभर सांगून झालं होतं. नवऱ्याला, कैलासला, तर ते उठता-बसता ऐकावं लागे. तो बापडा हसायचा.

भाद्रपदात तिच्या तीन कोंबड्या एकदमच खुडूक होऊन अंड्यांवर बसल्या. बसलेल्या कोंबडीला उठवायचं नाही आणि खुराड्यात झाडू घालायचा नाही, ही वाडीची रीत. कोंबडी बिथरली की अंडी सोडून देते. म्हणून सोनी कण्यासुद्धा आतच टाकायची. एकवीस दिवस कुणी खुराड्याला हात लावला नाही आणि त्या कण्यांवर उंदरांनी खुशाल संसार थाटला. पिल्लं निघाल्यावर कैलासने सगळा ओला पेंढा हातांनी उपसला, तोही अनवाणी. खाली बिळं, लेंड्या आणि मुताचा उग्र दर्प.

"टाचंच्या भेगा झोंबत्यात गं," तो म्हणाला.

"मंग धुवा की. आन् उंदरांचं वरडून सांगू नका, कुनी ऐकंल."

आठवड्याने त्याला ताप भरला. पोटऱ्या ठणकू लागल्या, डोळे आधी लाल आणि मग पिवळे झाले. अंडी का आली नाहीत म्हणून स्वरदाने फोन केला आणि कळताच ती स्वतः गाडी घेऊन आली. तिनेच दोघांना पिरंगुटच्या एका दवाखान्यात नेलं. बाई मनाची भली होती.

डॉक्टरांनी विचारलं, "घरात, खुराड्यात उंदीर आहेत का? यांचे हातपाय कुठे घाणीत गेले होते? नीट आठवून सांगा."

स्वरदा शेजारीच उभी होती. सोनीच्या डोळ्यांपुढे ती तीस दारं उभी राहिली.

"न्हाई," ती म्हणाली. "आमच्यात उंदीर न्हाईत."

कैलासने खाटेवरून तिच्याकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. चारचौघांत बायको खोटी पडेल म्हणून तो गप्प राहिला. एवढा समजूतदार माणूस, पण समजूतदारपणा दाखवायची ती वेळ नव्हती.

कावीळ धरून उपचार सुरू झाले. दोन दिवसांनी त्याची लघवी बंद झाली, तेव्हा सोनीने डॉक्टरांचे पाय धरले. "साहेब, म्या खोटं बोलले. उंदीर हायेत. लई हायेत." डॉक्टर रागावले नाहीत. उंदराच्या मुतातून होणाऱ्या तापाचं औषध त्यांनी तिथल्या तिथे चालू केलं आणि त्याला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात धाडलं. पण तोवर मूत्रपिंडं निकामी झाली होती. हेच औषध दोन दिवस आधी मिळायला हवं होतं, असं तिथले डॉक्टर आपसात बोलले. ते सोनीने ऐकलं. चौथ्या दिवशी कैलास गेला.

तेराव्यानंतर स्वरदा भेटायला आली. सोनीला ते पोटात ठेवणं आता सोसवत नव्हतं. तिने सगळं सांगून टाकलं. "तुमी म्होरं हुत्या, ताई. म्हून न्हाई म्हनले. तुमी अंडी बंद कराल, असं वाटलं."

स्वरदा रडत रडत म्हणाली, "अहो, उंदीर आमच्या बिल्डिंगमध्येही आहेत. पाइपांवरून थेट स्वयंपाकघरात येतात. दर महिन्याला माणूस येऊन औषध ठेवून जातो. मी काही म्हटलं नसतं हो, सोनीताई. काहीसुद्धा नाही."

सोनी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने भिंतीला डोकं टेकलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मोठ्याने हंबरडा फोडला.

"मंग त्यांनी तरी सांगायचं हुतं! माजी लाज कशापायी राखली त्यांनी?"