येसूबाईचा पेपर

मेंदूतली रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगून फुटली, कोल्हापूरच्या डॉक्टरांनी मांडीतून तार घालून ती आतल्या आत बुजवली, आणि येसूबाई चालत मालगुंडात परत आली. एवढ्यातून तरलेल्या बाईने कशाला घाबरावं? तर परीक्षेला!

त्याचं असं झालं. तीन महिन्यांनी रत्नागिरीत पहिली तपासणी होती. डॉक्टरांनी पाच शब्द सांगितले आणि पाच मिनिटांनी विचारले. येसूबाईला एकच आठवला, आणि तोही चुकीचा. तिचा मुलगा प्रमोद भांडुपला राहायचा. त्याने तिथल्या तिथे जाहीर केलं, "सहा महिन्यांच्या तपासणीतही असंच झालं, तर घराला कुलूप. तू माझ्याकडे यायचं."

भांडुप! चौथा मजला! तिथे परसदार नाही, विहीर नाही, आणि मुख्य म्हणजे सोनूबाई नाही. येसूबाई विहिरीजवळ कोसळली, तेव्हा बोंब मारून अर्धी वाडी गोळा करणारी शेजारीण ती हीच. येसूबाई घरी येऊन ढसाढसा रडली.

"रडतंस काय गो?" सोनूबाईने पदरात बांधलेला कागद सोडला. "पेपर हाय माज्याकडे!"

बाई तपासणीला सोबत गेली होती. कोपऱ्यात बसून तिने औषधाच्या कागदी पाकिटावर पाचही शब्द उतरवून घेतले होते. चौथीपर्यंतचं शिक्षण असं कामाला आलं.

मग काय, सगळा वैशाख अंगणात शाळा भरली. दोघी कोकमासाठी रातांबे फोडायला बसायच्या, हात लालभडक, आणि सोनूबाईचा चाबूक चालू. "आधी बीपीची गोळी घे. मग घोडा सांग."

"घोडा, छत्री, लिंबू, करवत, देऊळ."

"आता उलटे सांग."

येसूबाई उलटेही सांगायची. डॉक्टरांनी मिशरी बंद केल्यामुळे तोंड तसंही रिकामंच होतं. झोपेतून उठवलं असतं तरी तिने आधी घोडा म्हटलं असतं, मग देवाचं नाव घेतलं असतं.

जूनमध्ये सहा महिन्यांच्या तपासणीला प्रमोद मुद्दाम रजा काढून आला. डॉक्टरांनी नवा स्कॅन पाहिला. "मावशी, सगळं जागच्या जागी आहे. कुठे नवा फुगवटा नाही. मिशरी?"

"वासही नाय घेतला," येसूबाई म्हणाली. सोनूबाईने दारातून मान हलवून साक्ष दिली.

"छान. आता हे शब्द लक्षात ठेवा. साबण, खिडकी, बैल, पपई, कंदील."

येसूबाई गालात हसली. डॉक्टर हुशार हो! मुद्दाम फसवायला भलतंच सांगतायत. पण आपण काय कच्च्या गुरूचे चेले?

मधे वार विचारून झाला, शंभरातून सात वजा करून झाले. मग डॉक्टर म्हणाले, "सांगा बघू शब्द." येसूबाई शाळेतल्यासारखी उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, "घोडा, छत्री, लिंबू, करवत, देऊळ!"

प्रमोदने कपाळाला हात लावला. "आई, हे शब्द डॉक्टरांनी सांगितलेच नाहीत गं."

येसूबाईच्या डोळ्यांपुढे थेट भांडुपचा चौथा मजला आला.

डॉक्टर फाईल चाळत होते. "सांगितले होते," ते सावकाश म्हणाले. "तीन महिन्यांपूर्वी. अगदी याच क्रमाने."

"डॉक्टर, हिला काय बोलू नका!" सोनूबाई आत घुसली. "पेपर मी फोडला."

डॉक्टर इतके हसले, की त्यांना चष्मा काढून ठेवावा लागला. "तीन महिने पाठ ठेवलेत? मी तर पाचच मिनिटं मागतो! बरं, आता आजचे आठवतात का?"

येसूबाईने डोळे मिटले. आता फुटलेला पेपर नाही की काही नाही. "साबण... खिडकी... बैल... पपई." पाचवा काही येईना. तिने सोनूबाईकडे पाहिलं, तर ती छताकडे बघत होती. "पाचवा नाय आठवत," येसूबाई हळूच म्हणाली.

"पाचातले चार! पास. गोळ्या चालू, मिशरी बंद, पुढची तपासणी वर्षाने. राहा खुशाल आपल्या घरात."

"पण डॉक्टर, एक विसरलीच ना?" प्रमोदने खुर्ची पुढे ओढली. "ती पडली तेव्हा मी तीनशे किलोमीटर लांब होतो हो. सोनूमावशी नसती तर?"

"ती आहे ना," डॉक्टर म्हणाले. "बरं, तुम्हीही इथेच बसला होतात. पाचवा शब्द तुम्ही सांगा."

प्रमोदने घसा खाकरला. छताकडे पाहिलं, फाईलकडे पाहिलं. "...छत्री?"

"मेल्या, तो जुन्या पेपरातला!" सोनूबाई ओरडली.

येसूबाई हसली नाही. तिने लेकाचा हात घट्ट धरला आणि काळजीने डॉक्टरांना विचारलं, "आता ह्याला एकट्याला भांडुपला कसा पाठवू?"