डावखुरा चाचा

काचेवर दोनदा टकटक झाली. म्हणजे अजून घासायचं होतं.

तिने मान वर केली. खिडकीच्या आत, उशांना टेकून बसलेले बाबा हातातल्या चमच्याने हवेत एक वळण काढून दाखवत होते. पोटाकडून घास, पाठीकडून नको. तिने तोंडावरचा मास्क सारखा केला आणि चिमट्यात धरलेला, बोटाच्या पेराएवढा, हुकासारखा वाकडा आकडा पुन्हा कानशीला लावला. गुलाबी भुकटी उन्हात उठली, क्षणभर तरंगली आणि गॅलरीत वाळत घातलेल्या चादरीच्या दिशेने निघाली.

"अगं, चादरीवर नको!" आईचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा आला. "आत्ताच धुतली आहे ती."

बाबांनी जन्मभर कवळ्या केल्या होत्या. दवाखान्यांतून लोकांच्या तोंडाचे ठसे यायचे, बाबा त्यांवर मेणाच्या हिरड्या घडवायचे, दात मांडायचे, मग गुलाबी अॅक्रिलिक ओतून, घासून, चकाकी आणून पाठवून द्यायचे. त्या घासण्याची धूळ वर्षानुवर्षं त्यांच्या छातीत जाऊन बसली. "गावाच्या तोंडात दात बसवले आणि भुसा तेवढा घरी आणला," असं आई म्हणायची. म्हणताना ती त्यांची उशी सारखी करत असायची, त्यामुळे ते बोलणं लागत नसे.

आता नाकाला नळी होती आणि पायाशी ऑक्सिजनचं यंत्र दिवसभर घुमत असे. धुळीचा कणसुद्धा नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. लेक रजा काढून आली, ती येताना त्यांचा वेळ जावा म्हणून एक खोकं घेऊन आली. आत जोडायचा यंत्रमानव होता. सगळे भाग नुसते दाबून बसवायचे, डिंक नको, घासणं नको. खोक्यावर तो अंतराळात बंदूक रोखून उभा होता.

बाबांनी तो दोन-तीन दुपारींत जोडला. मग समोर ठेवून, एखाद्या गिऱ्हाइकाचा जबडा बघावा तसे त्याच्याकडे बघत बसले.

"आवडला नाही का?"

"छान आहे. पण ह्याला त्याची आईसुद्धा ओळखणार नाही. दुकानात असले शंभर उभे असतील." थोडा दम घेऊन ते म्हणाले, "आपण ह्याला चाचा करू. समुद्रावरचा लुटारू."

"घ्या!" आई म्हणाली. "म्हातारपणी बाहुल्या. त्यासुद्धा दरोडेखोर."

"अगं, दरोडेखोर नाही. दर्यावर्दी."

 चाचाच का, हे लेकीला माहीत होतं. ती शाळेत नुकती जायला लागली होती, तेव्हा तिच्या अधू डोळ्याला काम लागावं म्हणून चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधत असत. पोरं हसायची. एका संध्याकाळी बाबा कवळ्यांच्या लॅबमधून आले ते स्वतःच्या डोळ्यावर काळी पट्टी लावून, आणि दारातच सलाम ठोकून म्हणाले, "कप्तान, जहाज लागलंय." पट्टी कधीच गेली. कप्तान हे नाव राहिलं.

कामाची वाटणी आपोआप ठरली. मेणाला धूळ नसते, म्हणून हत्यारं बाबा खुर्चीत बसून मेणात कोरायचे. ती घेऊन लेक लॅबमध्ये जायची. बाबांचा जुना भागीदार साच्यात मेणाऐवजी अॅक्रिलिक भरून द्यायचा. लॅबमध्ये कवळीचंच अॅक्रिलिक होतं, त्यामुळे वाकडी तलवार गुलाबी निघाली, खांद्यावरची तोफ गुलाबी निघाली, नांगरसुद्धा गुलाबी.

"सांग त्याला," भागीदार फोनवर म्हणाला, "तुझ्या चाच्याला हिरड्या आल्यात. आता दात कधी येतात बघ."

बाबा एवढे हसले की आईने फोन काढून घेतला.

मग घासणं. ते लेकीने बाहेर गॅलरीत करायचं आणि बाबांनी बंद काचेआडून बघायचं. बोलायला त्यांना दम पुरत नसे, आणि बोलले तरी बाहेर ऐकू येत नसे. म्हणून चमचा. दोनदा वाजला की अजून, एकदा वाजला की थांब. काम संपलं की ओल्या फडक्याने सगळं पुसायचं, धूळ खाली बसेपर्यंत थांबायचं आणि मगच खिडकी सरकवायची. हा नियम आईचा होता आणि त्याला सूट नव्हती.

त्या दुपारी फार लांबरुंद असत. चादरी वाऱ्याने फुगायच्या, पडायच्या. आत यंत्र घुमायचं. ऊन काचेवरून हळूहळू सरकत जायचं आणि एका क्षणी काचेत तिला स्वतःचा चेहरा आणि बाबांचा चेहरा एकावर एक दिसायचे, तिचा मास्क आणि त्यांची नळी. बाबांना मध्येच डुलकी लागे. जाग आली की आधी त्यांचे ओठ हलत: कुठवर आलो? ती हातातली वस्तू काचेला टेकवून दाखवी. ते नीट बघून मान डोलवत, जणू किनारा त्यांना दिसला होता.

"गुळगुळीत करू नकोस," खिडकी उघडली की ते सांगत. "एकसारखे दात खोटे दिसतात. तलवारीला एक-दोन खाचा राहू देत. ती कुठे तरी वापरलेली दिसली पाहिजे."

तोफेची नळी त्यांनी संपलेल्या पेनाच्या टोकापासून केली. नांगराला साखळी हवी होती, ती आईने दिली. तुटलेल्या खोट्या दागिन्याची साखळी तिने स्वतःहून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "मला विचारलं असतंत तर काय जीभ झिजली असती?" एक डोळा बाबांनी काळा रंगवला. डावा. लेकीचा होता तोच.

शेवटी आकडा राहिला. डाव्या हाताच्या जागी आकडा, उजव्यात तलवार, असा बेत होता. मनगटात बसायच्या खुंटीची एक बाजू घासून सपाट करायची होती, म्हणजे आकडा नेमका आत वळून बसला असता. बाबांनी काचेआडून बोटाने बाजू दाखवली. तिने घासली. एकदा टक् झालं, ती थांबली, फडकं फिरवलं, धूळ बसू दिली, आत आली आणि आकडा डाव्या मनगटात बसवायला गेली. तो बसेना. बसवला तर टोक बाहेर जाई, कुणाला तरी वाट दाखवल्यासारखं.

 समोरासमोर बसून काम करताना बाजू उलटते हे दोघांनाही ठाऊक होतं. बाबांचा तर सगळा जन्म समोरच्याच्या तोंडात गेला होता. त्यांनी तिच्या बाजूने उलटवून दाखवलं, आणि तिनेही ते पुन्हा उलटवून घेतलं.

"आता?" तिचा आवाज बारीक झाला. मेण केव्हाच वितळून गेलं होतं. पुन्हा कोरायला त्यांची बोटं स्थिर राहतील का, हे विचारायची तिची हिंमत नव्हती. गेल्या आठवड्यात नांगर कोरतानाच ती थरथरत होती.

बाबांनी आकडा घेतला आणि उजव्या मनगटात टेकवला. तो खट्कन बसला. तलवार त्यांनी डाव्या हातात दिली.

"डावखुरा आहे म्हण. आकड्याने जेवतो, तलवारीने सही करतो."

"बाबा, चुकलंय ते."

"चुकलं नाही. आपल्याकडेच असा आहे." ते जरा वेळ नुसते श्वास घेत राहिले. "टोक तेवढं राहिलंय. बोथट आहे. पण जपून. सरळ घासत गेलीस तर तुटेल. मी थांब म्हणेन तेव्हा थांबायचं. उद्या करू."

उद्या त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. तिथून ते परत आले नाहीत.

लोक आले, बसले, गेले. भागीदार आला आणि कपाटावर उभ्या असलेल्या चाच्यासमोर बराच वेळ थांबला. "कारागिरी बघा," एवढंच म्हणाला आणि चष्मा पुसायला लागला. भाड्याचं यंत्र माणसं येऊन घेऊन गेली. त्यानंतर घरात इतकी शांतता झाली की आईने स्वयंपाकघरातला नळ थोडा गळता ठेवला.

लेकीची रजा संपत आली. निघायच्या आदल्या दुपारी तिने चाच्याच्या उजव्या हातातला आकडा काढला आणि गॅलरीत गेली. खिडकी बंद करायचं कारण उरलं नव्हतं. तरी तिने ती ओढून घेतली. मास्क लावला. कानस हातात घेतली.

टोक बारीक होत गेलं. गुलाबी भुकटी उन्हात उठली. तिने आकडा काचेला टेकवून धरला, सवयीने, आणि वाट पाहिली. खुर्चीत उशा तशाच होत्या. तिने आणखी थोडं घासलं, पुन्हा दाखवलं. टोकातून आता ऊन आरपार दिसत होतं. एवढं पुरे का? अजून? तिला खरोखर कळेना. आजवर तिने एकदाही स्वतःहून थांबून पाहिलं नव्हतं. कानस आकड्यावर टेकलेली राहिली, आणि तिचा हात ना पुढे जाईना ना मागे.

आतून आई आली. हातातलं काम तसंच घेऊन ती खुर्चीपाशी थांबली, मग उशा बाजूला करून खुर्चीत बसली. तिला त्यातलं काही कळत नव्हतं. तिने आकड्याकडे बघितलंही नाही. ती लेकीच्या तोंडाकडे बघत होती. मग तिने खिडकीच्या कडेवर पडलेला चमचा उचलला.

टक्.

एकदाच.

लेकीने कानस खाली ठेवली. ओल्या फडक्याने फळी पुसली, कठडा पुसला, बोटं पुसली. आत आता कुणाच्या छातीला धुळीची भीती नव्हती. तरी ती उभी राहिली, हातात आकडा घेऊन, आणि आई काचेआड बसून राहिली. शेवटचा कण खाली बसेपर्यंत दोघींपैकी कुणीही खिडकी सरकवली नाही.