गुडघ्याएवढी हवा

बंद पडलेल्या दगडकारखान्याच्या तळघराबाहेर सकाळी सातलाच रांग लागली होती. पायऱ्या उतरून श्वासबाबा कोंबडी फरशीवर ठेवत. ती फडफडे, मान टाकी. मग बाबा तिला उचलून दाराबाहेर आणत, पंखांवर फुंकर घालत आणि कोंबडी डोळे उघडत असे.

"प्राण काढणारा मी, घालणाराही मी," बाबा सांगत. "दमा, खोकला, सासूची जीभ, सगळं शांत करतो."

रांगेतल्या सुना हसल्या. मला हसू येईना, कारण सातव्या नंबरवर माझी ताई होती. कडेवर आठ महिन्यांचं बाळ, तीन आठवड्यांच्या डांग्या खोकल्याने पिचलेलं. डॉक्टरांचं औषध तिने अर्ध्यावर सोडलं होतं. बाळाला शंभर मोजेपर्यंत त्या फरशीवर निजवायचं, असं बाबांनी सांगितलं होतं.

"ताई, घरी चल."

"तू दगडांचं शिकलीस, मुलांचं नाही. खोकून खोकून निळं पडतं गं ते. काल सुताराची पोर आत ठेवल्याबरोबर गप्प झाली."

"आणि आज?"

ताईने नजर वळवली. "आज झोपूनच आहे म्हणे."

शेजारी आप्पा, आमचे वडील, उभे होते. चाळीस वर्षं त्यांनी विहिरी खोदल्या. खाली उतरण्याआधी दोराला बांधून पेटता कंदील सोडायचा. विझला तर "जागा नको म्हणते" म्हणून उतरायचं नाही, हा त्यांचा नेम.

"आप्पा, तुमचा कंदील आणा."

"ही काय विहीर आहे?"

"पायऱ्या असलेली विहीरच की."

कंदील आला तसे बाबा आडवे आले. "दिवा विझला तर कोप होईल."

"विझला तर नातू खाली ठेवणार नाही," आप्पा म्हणाले. "आमच्या धंद्याचा नेम आहे."

ताई, मी आणि रांगेतल्या काहीजणी मागे वरच्या पायऱ्यांवर थांबलो; शेवटच्या पायरीवरून त्यांनी दोराने कंदील खाली सोडला. छातीशी ज्योत ठीक होती. कमरेशी मंद झाली. गुडघ्याशी विझली. तीनदा पेटवला, तीनदा तिथेच विझला.

"बघा माझी शक्ती," बाबा म्हणाले.

"गुडघ्यापर्यंतच का हो?" मागून एका सुनेने विचारलं.

मग मी बोलले. "खालच्या चुनखडीच्या भेगांतून कार्बन डायऑक्साइड झिरपतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून फरशीवर पाण्यासारखा साचतो. उभ्या माणसाचं नाक वर राहतं, कोंबडीचं बुडतं. ज्योतीला ऑक्सिजन लागतो, तसा मेंदूलाही. कोंबडीला जगवते ती दाराबाहेरची हवा, फुंकर नव्हे. बाबा, तुम्ही फरशीवर निजा, आम्ही शंभर मोजतो."

"माझे गुडघे दुखतात."

"मग तेच आधी शांत करा की," तीच सून म्हणाली.

ताई बाळाला घेऊन पायऱ्या चढली. वर आल्यावर बाळ खोकलं, आणि तिने त्याला घट्ट धरलं. तिथूनच ती डॉक्टरांकडे गेली. रांगेतल्या चौघीजणी मात्र तशाच उभ्या राहिल्या.

सुताराच्या पोरीला आम्ही लगेच दवाखान्यात नेलं. ती जागी झाली, पण अजून आईकडे नीट बघत नाही. परतताना आप्पा म्हणाले, "चाळीस वर्षं म्हणालो, जागा नको म्हणते. का नको म्हणते, ते कधी विचारलं नाही."

तुम्ही विचारा. गप्प झालेलं मूल बरं झालेलं असतंच असं नाही. कोणी चमत्कार दाखवला, तर मूल पुढे करण्याआधी कंदील सोडून बघा.