शनिवारची माफी

महिन्याचा पहिला रविवार जवळ आला की धाकटी धास्तीने दिवस मोजू लागायची. त्या दिवशी चर्चमध्ये प्रभुभोजन, येशूच्या आठवणीत भाकर घेण्याचा विधी. आणि या घरची सासऱ्यांपासूनची रीत अशी, की भाकर हातात घेण्याआधी, शनिवारीच, ज्याच्याशी बिनसलं त्याच्या दारी जाऊन माफी मागायची. रीत सोन्यासारखी, पण थोरल्या जाऊबाईंच्या हाती तिची सुरी झाली होती.

धाकटी दवाखान्याच्या चादरी धुऊन, इस्त्री करून द्यायची. शनिवारी खोलीभर पांढरे डोंगर, इस्त्रीची वाफ, आणि नेमक्या त्या वाफेत जाऊबाई उगवायच्या. नजर खाली, आवाज मधाळ. गेल्या खेपेला म्हणाल्या, तुझी पोरं मळकीच हिंडतात असं मनात आलं गं, माफ कर. त्याआधी, तुझ्या हाताला चव नाही असं नणंदेपाशी बोलले, त्याची माफी. नणंदेपाशी बोलल्यात हे धाकटीला तोवर ठाऊकही नव्हतं.

माफी मागून त्या फुलासारख्या हलक्या होऊन जायच्या. धाकटी ते ओझं महिनाभर वाहायची. तोंडाने "माफ केलं" म्हणायची, मनाने नाही. आणि दुसऱ्या दिवशी तीच खोटी जीभ घेऊन भाकरीपुढे उभी राहायची. नवऱ्याला सांगावं तर तो म्हणे, वहिनी निदान माफी तरी मागतात. चर्चचे पाळक म्हणाले, प्रार्थना कर. केली. प्रार्थनेतही जाऊबाईच बोलायच्या.

या शनिवारी त्या आल्या, स्टुलावरच्या घड्या सारून बसल्या. "मला माफ कर. तुझी आई गेली तेव्हा तू वेळेवर पोचली नाहीस, ते कामाच्या लोभापायी, असं मी चौघीजणींत बोलले."

धाकटीने इस्त्री उभी केली. "नाही करत माफ."

जाऊबाईंना कळेचना. रीतीत मागणं होतं, नाकारणं कुणी ऐकलंच नव्हतं. मग उद्या मी भाकर घ्यायला पुढे कशी जाऊ, असं त्या पुटपुटल्या.

"आणि मी कशी जाऊ? दर महिन्याला देवासमोर खोटं बोलते मी, तुमच्यापायी. मनात आलेलं देवाला सांगा, जाऊबाई, त्याला ऐकायची सवय आहे. जे तोंडाने पसरवलंत ते आवरून या. त्या चौघींकडे जा."

"आत्ता? माझे गुडघे..."

"एक तर खालच्याच मजल्यावर आहे."

जाऊबाई उठल्या. कुरकुरत, कठडा धरून, एकेक पायरी उतरल्या. धाकटी जिन्याच्या तोंडाशी कान देऊन उभी. खालचं दार उघडलं आणि तोच मधाळ आवाज आला, "मला माफ कर गं, तुला चहाड्या ऐकायची आवड म्हणून मी बोलून गेले..."

धाकटीने कपाळावर हात मारला. देवा, ही बाई सुधारायची नाही.

मग पुन्हा जाऊबाईंचाच आवाज आला, पण मध ओसरलेला, कोरडा, म्हातारा. "नाही, तसं नाही. चुकलं माझं. धाकटी का पोचली नाही, मला ठाऊक नाही. मी तिला कधी विचारलंच नाही."

दार लागलं. जाऊबाईंनी धापा टाकत वर पाहिलं. "झालं?"

"एक झाली," धाकटी म्हणाली. "वर या, पाणी प्या. आई गेली तेव्हा काय झालं ते सांगते. मग पुढच्या घरी जा."