चांद्याची मान

एकोणीसशे अडतीस साली मानोऱ्याच्या शाळेत नानाजी गुरुजी चित्रकला शिकवत, आणि शिकवता शिकवता स्वतःच पोराहून पोर होत. त्या वर्षी त्यांनी वहीच्या कोपऱ्यात एका बैलाची चाळीस चित्रं काढली, दर पानाला पाऊल थोडंसं पुढे. अंगठ्यानं पानं भरभर सोडली की बैल चालायचा.

बैल होता तांड्यावरच्या भाऊसिंगचा चांद्या. गुरुजी रोज गोठ्यापाशी बसून त्याला न्याहाळत. चांद्या लंगडताना दिसत नव्हता, पण महिनाभर कामात रेंगाळत होता, म्हणून भाऊसिंग त्याला येत्या बाजारात विकणार होता. त्याच्या बायकोनं, जमनाबाईनं, चांद्याला वासरू असल्यापासून वाढवलेलं. ती रोज नवऱ्याला अडवत होती.

वर्गात वही फिरली आणि पोरं खिदळली. पुढचं डावं पाऊल टेकलं की बैल मान खाली घाली, जणू गुरुजींना होकार देतोय. गुरुजी ओशाळले. पावलावर वजन आलं की अंग दबतं, हे तेच शिकवत; पण मग उजव्या पावलालाही मान तेवढीच दबायला हवी. दोन दिवस खपून त्यांनी दोन्ही पावलांना मान सारखीच दबेल अशी नवी वही केली. बैल अगदी सुरेख चालला, आणि गुरुजींना मुळीच आवडला नाही.

बाजाराच्या आदल्या दिवशी ते दोन्ही वह्या घेऊन गोठ्यात गेले. जमनाबाईनं नवी वही पाहून परत दिली. जुनीची पानं तिनं तीनदा सोडली.

"हा आमचा चांद्या हाये, गुरुजी. तो दुसरा कोनाचा, मले माईत नाई." मग ती एकदम नवऱ्याकडे वळली. "डाव्या पायावरच भार टाकून राह्यला हा. उजवा दुखते त्याचा."

कामचोराची वकिली पुरे, असं पुटपुटत भाऊसिंगनं बैलाचा पुढचा उजवा पाय उचलला. खुराच्या बेचक्यात बाभळीचा काटा रुतला होता, वरून जखम बुजलेली. काढला तेव्हा बोटाच्या पेराएवढा निघाला.

भाऊसिंगनं जुनी वही घेतली आणि आपल्या राठ अंगठ्यानं पानं सोडली. पुन्हा सोडली.

"महिनाभर मले सांगून राह्यला होता," तो म्हणाला, "अन् मी पराणी टोचून राह्यलो होतो."

बाजाराला तो गेला नाही. वही त्यानं परत दिली नाही, गुरुजींनीही मागितली नाही. गोठ्यातल्या ज्या खुंटीला बैल हाकायची टोकदार पराणी अडकवलेली असे, तिथे आता ती वही लटकत होती.