बदकाची साडी

अक्षदाला ज्या गोष्टींची शिसारी यायची त्यांत पहिला नंबर टॉवेलचा. वर्गातल्या आदेशच्या कंपासपेटीत दिवाळीच्या सुट्टीभर राहिलेली लिंबाची फोडसुद्धा त्याच्यापुढे दुसरी. लाल टॉवेल, कडेला सोनेरी पट्टी, लांबून बघितला तर अगदी राजेशाही. अंगाला लावला की मात्र पाणी पुसायचं सोडून नुसतं इकडचं तिकडे ढकलतो, आणि वर आपला लाल भुसा अंगाला चिकटवून मोकळा होतो. अंघोळ केलेला माणूस चक्क मिरची कांडपाच्या गिरणीतून बाहेर आल्यासारखा दिसतो.

आणि हा टॉवेल विकायचं कोण? तिचे स्वतःचे पप्पा.

जुन्नरच्या जुन्या बाजारपेठेत पप्पांचं, म्हणजे कुंडलिकरावांचं, ‘मंगल आहेर केंद्र’ होतं, आणि वरच्या मजल्यावर घर. लग्नात पाहुण्यांना मान म्हणून द्यायच्या टोप्या, टॉवेल, उपरणी, ब्लाउजपीस आणि साड्या. बस, एवढंच. नेसायची साडी हवी असेल तर पुढच्या दुकानात जा, इथली साडी म्हणजे द्यायची साडी. तिला खळीचा आणि रॉकेलचा मिळून असा काही वास यायचा, की अक्षदा शाळेतून येऊन दुकानाची पायरी चढली की आधी तोंडाने श्वास घ्यायला लागायची. पप्पांनी पोरीचं नावसुद्धा धंद्यावरून ठेवलं होतं. “अक्षदा पडल्या की आपलं पोट भरतं,” असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, गिऱ्हाईक हसायचं, आणि खरी अक्षदा माळ्याच्या शिडीवर बसून नाक मुरडायची.

चौथीत असताना एकदा गंमत झाली होती. पप्पा गल्ल्यावरच डबा उघडून बसले होते आणि मटकीच्या उसळीची तर्री एका मोरपंखी साडीवर सांडली. चांगला तळहाताएवढा पिवळा डाग. पप्पा पाण्याला उठले, तोवर अक्षदाने गठ्ठ्यांवर नावं लिहायचा पक्क्या शाईचा मार्कर घेऊन त्या डागाला एक डोळा काढला, चोच काढली, खाली दोन पाय काढले. झकास बदक झालं. आता मार बसणार म्हणून ती शिडीमागे लपली. पण पप्पा आले, बदक बघून पोट धरून हसले, साडीची घडी घातली, बदक नेमकं आतल्या बाजूला घेतलं, वर प्लॅस्टिकची पिशवी चढवली आणि साडी इतर साड्यांच्या थप्पीत सारून दिली.

“पप्पा, ती खराब झालीय ना?”

“आगं, कोण उघडून बघतंय?”

साडी विकली गेली. कुणीही तक्रार करायला आलं नाही. ‘कोण उघडून बघतंय’ हे वाक्य मात्र अक्षदाच्या डोक्यात बसलं ते बसलंच.

आता ती नववीत होती, आणि गोष्टी उघडून बघायची तिला सवय लागली होती. उन्हाळ्यात ओतूर रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात सगळे लग्नाला गेले होते. तिथे माइकवाल्याने सांगितलं, “मंडळी, मानपान म्हणून टोपी-टॉवेल, साडी काही दिलं-घेतलं जाणार नाही. वडीलधाऱ्यांचा सन्मान आंब्याचं रोप देऊन होईल.” आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हणजे नुसत्या भाषणाला वाजवतात तशा नाही, गणिताचे सर आज आले नाहीत म्हटल्यावर वर्गात वाजतात तशा. शेजारी बसलेल्या एका आजोबांनी मानासाठी आणलेल्या टोप्यांची पिशवी पायानेच खुर्चीखाली सरकवली. पुढच्या लग्नातही तेच झालं.

घरी येताना अक्षदा म्हणाली, “पप्पा, आपलं दुकान बंद पडणार.”

“तुझ्या तोंडात साखर पडो,” पप्पा म्हणाले. “ती शिकलेली लोकं. शंभरात एक. दुकानात गर्दी हाय का न्हाई, एवढं बघ.”

गर्दी होती, खोटं कशाला बोला. पण त्या गर्दीची तोंडं पप्पा बघायचे नाहीत, अक्षदा बघायची. कुणी रंग विचारायचं नाही, कुणी कापड चाचपायचं नाही. “कसलंबी द्या भाऊ, गळ्यात घालून मोकळं व्हायचंय,” असं म्हणत माणसं दंड भरायला आल्यासारखी उभी असायची. अशा गिऱ्हाइकाला पप्पा हसून टॉवेल दाखवायचे तेव्हा तिला त्या टॉवेलपेक्षा हसण्याचीच जास्त किळस यायची. जे कुणालाच नकोय ते आपण विकतोय, आणि ज्या दिवशी लोक धीर करून ‘नको’ म्हणतील त्या दिवशी आपण माळाभर भुसा घेऊन बसणार. आणि तो दिवस लांब नव्हता. पण पप्पा तर तुळशीच्या लग्नाच्या आधी, दरवर्षीसारखा, आख्खा माळा भरायच्या तयारीत होते. रविवारी सुरतेचे शेठ ऑर्डर घ्यायला येणार होते.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर अक्षदा एसटीने नारायणगावला उतरून वारूळवाडीला गेली, मैत्रिणीकडे, श्रेयाकडे. श्रेयाच्या आईने मासवड्या केल्या होत्या. खाऊन पोटाचा नगारा झाल्यावर दोघी मागच्या टोमॅटोच्या रानात गेल्या. रानडुकरं शिरू नयेत म्हणून रानाला चारी बाजूंनी साड्यांचं कुंपण. जांभळ्या, गुलाबी, पोपटी, सगळ्या वाऱ्यावर फडफडत होत्या आणि सगळ्या अक्षदाच्या ओळखीच्या होत्या. आपल्या नातेवाइकांची आख्खी वरात रानात उभी आहे असं तिला वाटलं. विहिरीकडच्या कोपऱ्यात एक मोरपंखी साडी होती, चिखलाने लडबडलेली, पाखरांनी घाण केलेली. तिच्या काठाजवळ एक पिवळा डाग होता.

डागाला डोळा होता. चोच होती. खाली दोन पाय होते.

अक्षदाच्या घशात मासवडी वर आली.

“ही कुठून आणली?” तिने श्रेयाच्या चुलत्यांना विचारलं. ते, म्हणजे गेणभाऊ, टोमॅटोला सुतळी बांधत होते.

“आणायची कशाला? लग्नातून येत्यात. घरात पोती भरल्यात बघ. हिच्या काकीला आली व्हती, तिनं भावजयीला दिली, तिनं नणंदंला, आन् फिरून आमच्याच घरात. प्लॅस्टिक कुणी काढलं असंल तर शपथ. म्या फाडलं, इथं बांधताना.”

म्हणजे इतकी वर्षं ती साडी लग्नालग्नातून फिरली, हळदीकुंकू लागून मांडीवर पडली, “कशाला एवढं” म्हणत घेतली गेली, आणि पहिल्यांदा उघडली ती रानडुकरांसाठी.

“नेसत का नाही कुणी?”

“तू नेसशील?” गेणभाऊ हसले. “कामाला येणाऱ्या बाया बी नको म्हणत्यात, अंग खाजतं. पर रानात एक नंबर. कुजत न्हाई, फडफडली की डुकरं बिचकत्यात, कोवळ्या रोपावर टाकली की ऊन अडतं. बिबट्या तेवढा मोजत न्हाई तिला. आता घरच्या संपल्या की बाजारातनं जुन्या आणाय लागत्यात, किलोवर. त्या बी तुकडे तुकडे. एकाला एक शिवून, कडंला नाड्या लावून कुणी देत असंल तर सांग राव. ह्या सुतळीच्या गाठी रोज सुटत्यात. काल रात्रीच इथनं घुसली व्हती.”

अक्षदाने ती साडी मागितली. गेणभाऊ म्हणाले, “ने, पर तिच्या जागंवर दुसरी बांधून जा. डुकरं वाटच बघत्यात.”

परतीच्या एसटीत शेजारच्या बाईने नाकाला पदर लावला आणि विचारलं, “पिशवीत मेलंय काय?” अक्षदा म्हणाली, “आहेर आहे.”

तिला वाटलं होतं, पप्पा बदक बघतील आणि गप्प होतील. पप्पांनी साडी उलटीसुलटी केली, बदकावर अंगठा घासला आणि त्यांची छाती फुगली. “बघ, मोरपंखी हाय तसा हाय. पाऊस, ऊन, चिखल. रंग गेला का? ह्याला म्हणत्यात माल.”

“पप्पा, ती श्रेयाच्या गेणभाऊंनी रानात सुतळीने बांधली होती, डुकरं हाकलायला.”

“असंना. घेताना तर आहेरातच घेतली ना कुणीतरी?”

अक्षदाला इतका वीट आला की ती जेवली नाही. मम्मीने साडी घरात घेऊ दिली नाही, बाहेर पिंपावर टाकली. मम्मी दुकानाच्या कोपऱ्यात फॉल-पिकोचं मशीन चालवायची, बोलायची कमी. पण ताट झाकताना ती पुटपुटली, “त्यांना सांगून न्हाई कळायचं. त्यांच्या अंगाला कधी लागलंय का ते?”

हे वाक्य अक्षदाने उचललं.

रविवारी सकाळी पप्पा अंघोळीला जायच्या आधी तिने मोरीतल्या दांडीवरचा मऊ सुती पंचा काढून घेतला आणि तिथे दुकानातला कोरा लाल टॉवेल टांगला. मम्मीने ते बघितलं. “मला काय म्हाईत न्हाई बाबा,” म्हणत ती चहा टाकायला गेली.

सुरतेचे शेठ येऊन बाहेरच्या खोलीत नमुन्यांची बॅग उघडून बसले होते. आतून पप्पांच्या हाका यायला लागल्या. “आगं, पंचा कुठंय?” कुणी ओ दिली नाही. मग बराच वेळ घासल्याचा आवाज आला, खरवडल्यासारखा. आणि पप्पा बाहेर आले. बनियन पाठीला ओला चिकटलेला, केसांतून पाणी ठिबकतंय, आणि मानेला, कानांना, दंडाला, मिशीला लाल भुसा. भिजलेल्या भुशाचे बारके बारके किडे झाले होते आणि ते पप्पांच्या गळ्यावरून खाली घरंगळत होते. अक्षदा बघत राहिली.

शेठ बशीत चहा सांडेपर्यंत हसले. “अरे कुंडलिकभाऊ, ये टॉवेल देने का है, पोंछने का थोडी है. मैं खुद घर में नहीं रखता.”

पप्पाही हसायला लागले. सवयीने, गिऱ्हाइकापुढे हसतात तसे. पण तोंड उघडलं तसा मिशीवरचा भुसा आत गेला. त्यांनी जीभ बाहेर काढली, बोटाने ते लाल काहीतरी काढलं, बोट डोळ्यांपुढे धरलं.

“शी,” पप्पा म्हणाले.

अक्षदाने तो शब्द त्यांच्या तोंडून जन्मात ऐकला नव्हता.

“तुमी घरी न्हाई ठेवत?” पप्पांनी शेठना विचारलं.

“कौन रखेगा भाई.”

पप्पा खाली बसले. बोट बनियनला पुसलं. शेठनी पेन उघडलं, मागच्या वर्षीएवढाच माल लिहू का विचारलं. पप्पा म्हणाले, “अक्षे, ती बदकाची साडी आण.”

“ती घाण आहे.”

“आण म्हणतो ना.”

तिने चिमटीत धरून साडी आणली. पप्पांनी ती खोलीभर पसरली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. एवढ्या साड्या विकल्या, पण आख्खी उघडलेली आहेरी साडी ते बहुतेक पहिल्यांदाच बघत होते. त्यांनी ती ताणली, वास घेऊन तोंड वाकडं केलं, उजेडापुढे धरली.

“गेणभाऊ सुतळीनं बांधत व्हता म्हणालीस?”

“हो. गाठी सुटतात. शिवून, नाड्या लावून पाहिजे म्हणाले.”

“शेठ,” पप्पा म्हणाले, “हेच कापड बिनकाठाचं मिळंल का? जरतार नको, घडी नको, प्लॅस्टिक नको. सलग तागा.”

“बिना बॉर्डर? उसको पहनेगा कौन?”

“कोण न्हाई. डुकरांसाठी पायजे.”

शेठना आधी ती चेष्टा वाटली. मग ते समजावायला लागले, सीझन तोंडावर आलाय, समोरचा दुकानदार सगळा माल उचलेल, मग रडत बसाल. पप्पा म्हणाले, “उचलू द्या. माळ्यावर हाय तेवढं खपलं तरी बास. नवीन आहेर एक बी न्हाई.” शेठ ताग्याचा नमुना पाठवतो म्हणाले खरं, पण तोंड आंबट करून, आणि दुसरा चहा न घेता गेले. पप्पांनी दार लावलं. समोरच्या दुकानात शेठ शिरलेले खिडकीतून स्पष्ट दिसले.

अक्षदाला वाटलं होतं, जिंकल्यावर लई भारी वाटेल. तसं काही झालं नाही. दुपारी दुकान उघडलं तर पहिलंच गिऱ्हाईक आहेराच्या साड्यांना आलं, लंकाबाई, वरच्या आळीच्या. पप्पांनी थप्पीतली एक काढली, आज काय मनात आलं कुणास ठाऊक, प्लॅस्टिक फाडून ती गल्ल्यावर पसरली. “नीट बघून घ्या मावशी. वास घेऊन बघा.”

लंकाबाई दचकून मागे सरल्या. “आवं भाऊ, घडी मोडलीत का? मला काय नेसायचीय? उघडलेली नको, प्याकबंद द्या.”

पप्पांनी अक्षदाकडे बघितलं. मग प्याकबंद दिली. लंकाबाई पिशवी काखेत मारून गेल्या, आणि अक्षदाला त्यांची, साडीची, पप्पांची आणि माळ्यावरच्या उरलेल्या थप्प्यांची एकदमच किळस आली.

कोपऱ्यात मम्मीने धुतलेली मोरपंखी साडी मशीनवर घेतली होती. वास जातच नव्हता म्हणून तिने नाकाला रुमाल बांधला होता. एका अंगाला ती उघडलेली नवी साडी जोडायची, कडेला नाड्या लावायच्या आणि नमुना म्हणून वारूळवाडीला गेणभाऊंकडे पाठवायचा, असं ठरलं होतं. सुईखाली काठ सरकवताना मम्मी थांबली.

“बदक आत दुमडू का बाहेर ठेवू?”

अक्षदाने पप्पांकडे बघितलं. पप्पा त्या फाडलेल्या प्लॅस्टिकचा बोळा करत होते. त्यांच्या कानात लाल भुशाचा एक किडा अजून तसाच होता.

“बाहेर ठेव,” पप्पा म्हणाले.

मशीन सुरू झालं. अक्षदाने जवळ जाऊन चिमटीने पप्पांच्या कानातला भुसा काढला, घामाने ओला, गिळगिळीत, आणि तो कुठे टाकायचा ते न कळून हात तसाच लांब धरून उभी राहिली.